उताराच्या आणि अडचणीच्या अंगणासाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन: कोणतं घ्यावं?

उतारकर

नमस्कार मंडळी.

पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची अठरा गुंठे जागा आहे. वर घर, खाली ओढा आणि मधे सगळा उतार. घर, गाडीची जागा, विहीर आणि आंबे-चिकू सोडले तर निव्वळ गवताची जागा नऊएक गुंठे. वरच्या भागात मुद्दाम लावलेली हरळी आहे, खाली देवाने लावलेलं काय काय आहे. पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि गवत पोटरीला लागलं.

सहा वर्षं ब्रश कटर खांद्याला अडकवून मीच कापतोय. वय ६२. उजवा गुडघा कुरकुरतो, आणि एक टाकी संपेपर्यंत हात असे बधिर होतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मदतीला गडी होता, तो चाकणला कंपनीत लागला. चांगलं झालं त्याचं, पण माझं वांधं झालं.

मागच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथे शेजाऱ्याचं बसून चालवायचं मशीन तासभर चालवलं. खोटं कशाला बोलू, लहानपणी पहिल्यांदा सायकल चालवताना आली होती तशी मजा आली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

अडचणी दोन. एक म्हणजे उतार. दुसरी म्हणजे मागच्या गवतात जायची वाट. घराची भिंत आणि दगडी गडगा यांच्या मधून ती जाते, साडेतीन फुटांची आहे आणि कोपऱ्यावर काटकोनात वळते. वर आंब्याच्या फांद्या डोक्याला लागतात.

मला तीन प्रकार कळले आहेत: (१) छोटं, सीटच्या मागे इंजिन असलेलं, साधारण तीस इंची कापणीचं, (२) जागच्या जागी गिरकी घेणारं झीरो टर्न, (३) नेहमीचं लॉन ट्रॅक्टर, ४२ इंची. यातलं कोणतं घ्यावं? कुणी वापरलंय का?

कृपया 'बकऱ्या पाळा' असा सल्ला देऊ नये. तो मेहुण्याने देऊन झाला आहे.

रिकामटेकडा

बकऱ्या पाळा.

फणस

+१

खुरपं

काका, उतार म्हणजे नक्की किती? पुण्याच्या आसपास जागा घेतलेल्या माणसाला आपला उतार एक तर सिंहगडाएवढा वाटतो, नाही तर विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे 'थोडासाच' वाटतो. आधी मोजा.

एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या आणि गवंड्याकडून पाणसळ मागून आणा. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं उचलून धरा आणि बुडबुडा मधोमध आला की त्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजा. १७-१८ सें.मी. भरलं तर उतार १० अंश, २७ भरलं तर १५ अंश, ३६ भरलं तर २० अंश. एका जागी मोजून थांबू नका, आठ-दहा ठिकाणी मोजा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट आकडा धरा. माणूस उलटतो तो सरासरीवर उलटत नाही.

बसून चालवायच्या बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत १५ अंशांच्या पुढे नेऊ नका असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

उतारकर

पाणसळ आहे. शनिवारी मोजतो.

केरीकर

मी नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. बालपण सहकारनगरात गेलं, त्यामुळे उतार म्हटला की तळजाई आठवते. इथे अर्धा एकर आहे, म्हणजे वीस गुंठे, आणि मागचा भाग थेट नाल्यात उतरतो. गेल्या बारा वर्षांत तिन्ही प्रकार चालवून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झीरो टर्नपासून सुरू करतो, कारण सगळ्यांना तेच आवडतं. मलाही आवडलं होतं. त्याला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून ते वळतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी, कुठेही फिरणारी. सपाटीवर लोणी. पण उतारावर मागचं चाक ओल्या गवतावरून घसरलं की तीन गोष्टी एकदम जातात: ओढ जाते, दिशा जाते आणि ब्रेकही जातो, कारण थांबवण्याचं कामही तीच चाकं करतात. पुढची चाकं उताराकडे तोंड करून तयारच असतात. माझं मशीन एका सकाळी दव पडलेल्या गवतावरून शांतपणे नाल्यात गेलं. मी दांडे ओढत होतो आणि ते जात होतं. पाणी घोटाभर होतं म्हणून आज हसून सांगतोय. पुढच्याच आठवड्यात विकलं.

४२ इंची लॉन ट्रॅक्टर दणकट असतो, पण रुंद. जमीन उंचसखल असेल तर रुंद डेक (पात्यावरचं लोखंडी झाकण) उंचवट्यावर टेकतो आणि गवत मुळापासून खरवडून काढतो, मातीचे टक्कल पडल्यासारखे गोल दिसतात. तुमच्या साडेतीन फुटी वाटेत तो शिरणारच नाही. ४२ इंच म्हणजेच साडेतीन फूट, आणि तीही फक्त कापणीची रुंदी. कापलेलं गवत बाहेर टाकायचं तोंड बाजूला आणखी येतं.

तीस इंचीचं छोटं मशीन तुमच्या यादीत सगळ्यात शहाणं. कमी जागेत वळतं आणि अरुंद डेक जमिनीच्या चढउतारासोबत चालतो. घेणार असाल तर गिअरचं न घेता हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं घ्या. पेडल सोडलं की ते स्वतःच थांबू पाहतं. गिअरच्या मशीनवर उतरताना चुकून क्लच दाबला की ते मोकळं सुटतं.

आणखी एक जात असते, तिला इथे आर्टिक्युलेटेड रायडर म्हणतात. पातं चालवणाऱ्याच्या पुढे आणि मशीन कमरेत वाकतं. हुस्क्वार्ना कंपनीचे रायडर यासाठीच ओळखले जातात, काहींना चारही चाकांना ओढ असते. झाडाखाली नुसतं पातं घालता येतं, फांद्यांखाली आपण जावं लागत नाही. तुमच्या आंब्यांसाठी उत्तम, खिशासाठी नाही.

चालवायचा नियम: बसून चालवायचं मशीन उतारावर उभं चालवायचं, म्हणजे वर-खाली. आडवं घातलं तर कुशीवर उलटतं. ढकलायचं मशीन आडवं चालवायचं, कारण वर-खाली चालवताना आपला पाय घसरला तर आपण पात्याखाली जातो किंवा ते आपल्यावर येतं. माझ्या पुस्तिकेत एक सोपी कसोटी दिली होती: जो उतार रिव्हर्समध्ये चढता येत नाही, किंवा जिथे मनात धाकधूक होते, तिथे कापूच नका.

रिकामटेकडा

मनात धाकधूक होते तिथे जायचं नाही, हा नियम आधी माहीत असता तर मी आरटीओत, बँकेत आणि सासुरवाडीला गेलोच नसतो.

गिरकी

केरीकरांशी थोडा असहमत. सगळे झीरो टर्न तसे नसतात. कब कॅडेटने स्टिअरिंग असलेले काढले आहेत, त्यात पुढची चाकंही वळतात. ते उतारावर बरेच बरे. एका मशीनवरून सगळी जात वाईट ठरवू नका.

केरीकर

मान्य. माझं जुनं दांड्यांचं होतं. पण ते इकडे दोन मैलांवरच्या दुकानात मिळतं, काकांना पिरंगुटला हवंय.

इतिहासकिडा

अवांतर: गवत कापायचं यंत्र १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने काढलं. ग्लॉस्टरशरमध्ये स्ट्राउडजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झालं की त्यावरची लव एकसारखी छाटायला फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. ते पाहून याला वाटलं, हेच जमिनीवर का चालू नये? त्याआधी मोठमोठ्या बागांत विळे-कोयत्यांनी माणसं गवत कापायची, नाही तर मेंढ्या सोडायचे. पुढे घोड्याने ओढायची यंत्रं आली, तेव्हा हिरवळीवर टापांचे खड्डे पडू नयेत म्हणून घोड्यांच्या पायात चामड्याचे बूट घालायचे.

म्हणजे लॉन ही मुळात भुरभुर पावसाच्या देशातली हौस. आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि आठ महिने धूळ.

फणस

घोड्यांना बूट! आणि आमच्या सोसायटीचा माळी चप्पल काढून लॉनवर जायला सांगतो ते वेगळंच.

नानापेठी

माझं स्पेअर पार्टचं काम आहे, म्हणून मशीनपेक्षा पुढचं सांगतो. कोणतं घ्यायचं हे कापणीवरून ठरवू नका, पार्टवरून ठरवा.

बसून चालवायच्या मशीनमध्ये डेकखाली स्पिंडल, म्हणजे पातं फिरवणारा दांडा असतो, त्यात बेअरिंग असतं, त्याला बेल्टने फिरवतात. बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६२०३ असलं तर नाना पेठेत चहा संपायच्या आत मिळेल. पण डेकचा बेल्ट साधा दिसला तरी साधा नसतो, लांबी आणि आतली दोरी वेगळी असते. पंप-चक्कीचा बेल्ट घातला तर आठवडाभरात लोंबतो. पातं, स्पिंडलचं घर आणि गिअरबॉक्स हे तिन्ही मागवूनच घ्यावे लागतात. विकणाऱ्याला विचारा, 'बेल्ट आत्ता काउंटरवर आहे का? दाखव.' 'मागवून देऊ' म्हणाला की समजून जा.

दुसरं पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. बाहेरच्या छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत बहुतेक वेळा दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं. दिवाळीनंतर मशीन तसंच झाकून ठेवलं आणि जूनमध्ये दोरी ओढली, की काही होत नाही. कार्बोरेटर उघडला तर आत हिरवट चिकट लगदा. त्यामुळे शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. माझं निम्मं जूनचं काम ह्यावरच चालतं, तरी सांगतोय.

तळेगावकर

नानापेठींना शंभर टक्के सहमत, अनुभवाने.

मी पाच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या भंगारातून बाहेरचं, जुनं, तीस इंचीचं मशीन स्वस्तात उचललं. स्वस्तात हा शब्द मी आता वापरत नाही. पहिल्या पावसाळ्यात बेल्ट तुटला. ज्याच्याकडून मागवला त्याने चार महिने 'आज येतोय' सांगितलं. आला तेव्हा गवत वाळून पिवळं झालं होतं. मग मशीन आठ महिने शेडमध्ये. पुढच्या जूनला बघतो तर उंदरांनी सीटखालच्या वायरी कुरतडून आत संसार थाटलेला.

पण चालतं तेव्हा झकास चालतं, हेही सांगतो. आमची जागा बरीचशी सपाट आहे, पंचवीस गुंठे. तिथे शोभतं.

गंमत एकच. सीटखाली एक बटण असतं, माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. आमच्याकडे दोन पेरू आहेत. फांदीखालून जाताना मी जरा वाकून एका बाजूला कललो की मशीन बंद. पुन्हा चालू. पुढचा पेरू, पुन्हा बंद. शेवटी वैतागून त्या बटणाच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. तेव्हापासून निवांत.

खुरपं

तळेगावकर, आज घरी गेल्यावर त्या वायरी आधी सोडवा. गंमत नाही. मशीन कललं आणि तुम्ही बाहेर फेकले गेलात तर पातं थांबवणारी ती एकच गोष्ट आहे. पेरूची फांदी कापा, वायर नको.

तळेगावकर

माझी जागा सपाट आहे हो.

केरीकर

सपाटीवरही माणूस पाय घसरून पडतो, आणि मशीन चालूच राहतं. खुरपं यांच्याशी सहमत. नातवंडं मागे धावत येतात तो विचार करा.

तळेगावकर

बरं, सोडवतो. पेरूचं बघतो.

गणित_मास्तर

सगळे मशीनबद्दल बोलताय, कुणी गणित केलं नाही.

नऊ गुंठे म्हणजे ९,८०० चौरस फूट. मागून चालायचं, स्वतः पुढे सरकणारं २१ इंची मशीन घ्या. पट्टे थोडे एकमेकांवर येतात, म्हणून दीड फूट धरू. ९,८०० भागिले दीड, म्हणजे साधारण ६,५०० फूट. दोन किलोमीटर. ताशी तीन किलोमीटर या रमतगमत वेगाने चाळीस मिनिटं. वळणं, पाणी पिणं, 'अहो, फोन आलाय' धरून सव्वा तास.

आता तीस इंची बसून चालवायचं. सव्वादोन फुटांचे पट्टे, ताशी पाच किलोमीटर. निव्वळ सोळा मिनिटं, वळणांसकट अर्धा तास.

म्हणजे आठवड्याला पाऊण तास वाचतो. जून ते ऑक्टोबर वीस कापण्या धरल्या तर वर्षाला पंधरा तास. पंधरा तासांसाठी लाखांत जाणारं मशीन. काका, दोन किलोमीटरच चालायचं आहे. आमच्या कोथरूडचे लोक रोज पहाटे वेताळ टेकडीवर याहून जास्त चालतात, आणि वर जाऊन गवत न कापता परत येतात.

उतारकर

मास्तर, गणित बरोबर आहे, पण गुडघा गणितात बसत नाही. सपाटीवरचे दोन किलोमीटर वेगळे.

गणित_मास्तर

बरोबर. पण तुम्ही सध्या खांद्यावर वजन घेऊन, हात थरथरवत, त्याच उतारावर तेवढंच चालताय. तुलना त्याच्याशी करा.

सोनकी

मला एक विचारायचंय. नऊच्या नऊ गुंठे कापायचे कशासाठी?

ओढ्याकडचा उतार आहे तसा ठेवा की. श्रावण-भाद्रपदात आपल्या डोंगरउतारांवर तेरडा आणि सोनकी फुलते, ती तुमच्या अंगणात फुलेल. बी पडू द्या, दसऱ्यानंतर एकदाच कापा. उतारावरचं गवत सारखं खरवडलं तर पाऊस माती धरून ओढ्यात नेतो, आणि मग उघड्या मातीवर पहिलं काय येतं तर गाजरगवत. त्याची पन्नासच्या दशकातली भारतातली पहिली नोंद आपल्याच पुण्यातली. अभिमानाने मिरवावी अशी नोंद नाही ही.

फणस

ताई, फुलं ठीक. पण उंच गवतात घोणस असते. आमच्या भूगावच्या जागेत मागच्या पावसाळ्यात पायरीवर होती. गवत कापायचं ते हौसेपेक्षा भीतीने.

सोनकी

भीती रास्त आहे. म्हणून घराभोवती पंधरा-वीस फूट अगदी बारीक कापा, पायवाटा स्वच्छ ठेवा, दगड-विटांचे आणि लाकडाचे ढीग भिंतीला लावून ठेवू नका. उंदीर तिथे येतात, त्यांच्यामागे साप. आणि कापायला जाताना गमबूट. ओढ्याकाठच्या गवताशी पायरीच्या घोणशीचा तेवढा संबंध नाही.

खुरपं

दोघंही बरोबर आहेत. फक्त दसऱ्यानंतरची कापणी विसरू नका. जानेवारीनंतर ते गवत म्हणजे काडेपेटी. डोंगराला लागून जागा आहे, वणवा वरून आला की थेट घरात. कुंपणाला लागून जाळरेषा, म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा काढून ठेवायचा.

आंबेगावकर

आमच्याकडे भीमाशंकरच्या बाजूला उतारावर भाताची खाचरं काढतात. डोंगर थोडा थोडा खोदून, दगडाचा बांध घालून पायऱ्या करतात. या पद्धतीला पडकई म्हणतात. सगळ्यांनी मिळून आज याच्या, उद्या त्याच्या रानात राबायचं. आजोबा सांगायचे की उताराला मशीन लावू नये, आधी उताराला पायरी लावावी. (आजोबांनी मशीन पाहिलं नव्हतं. हे मी मागाहून जोडलं. हलके घ्या.)

पण खरंच, काका, मधे एक-दोन ठिकाणी दगडी बांध घातला तर तुमचा उतार तीन सपाट तुकड्यांत मोडेल.

उतारकर

बांधाचा खर्च मशीनच्या वर जाईल हो. आणि मग एका तुकड्यातून दुसऱ्यात मशीन उतरवायचं कसं?

आंबेगावकर

तेही खरं. बांधाऐवजी वाळा लावा मग. समपातळीत एक ओळ. मुळं खोल जातात, माती अडते, आणि उन्हाळ्यात माठात टाकायला होतो.

नानापेठी

एक राहिलं. तुमच्या भागात मुरूम आणि वर डोकावणारा काळा दगड असणारच. मागून चालायच्या मशीनमध्ये पातं थेट इंजिनच्या शाफ्टला असतं. दगडावर आपटलं की शाफ्ट वाकतो, नाही तर आत फ्लायव्हीलची छोटी चावी तुटते आणि टायमिंग बिघडतं. चावी स्वस्त आहे, शाफ्ट नाही. पावसाळ्याआधी एकदा सगळी जमीन पायाखाली घाला आणि डोकावणाऱ्या प्रत्येक दगडाला चुना लावा.

आणि उतारावर आडवं चालवताना तेल पूर्ण खुणेपर्यंत भरलेलं हवं. ह्या इंजिनात तेल उडवून पसरवतात, पंप नसतो. कमी तेल आणि कललेलं इंजिन म्हणजे माझं गिऱ्हाईक.

रिकामटेकडा

तीस प्रतिसाद होत आले, बकरीला अजून बेल्ट लागलेला नाही.

मिरजकर

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा आला होता.)

उतारकर

धागा वर काढतोय, कारण ऋण फेडायचं आहे. दोन शनिवार गेले.

आधी मोजमाप. घराजवळची हरळी: मीटरला १४ सें.मी. म्हणजे आठ अंश. मधला भाग: सगळ्यात वाईट जागी २४ सें.मी., साडेतेरा अंश. ओढ्याकडची पट्टी: ४५ सें.मी.! चोवीस अंश. सहा वर्षं मी तिथे ब्रश कटर घेऊन उभा राहतोय आणि मला तो 'जरा जास्त उतार' वाटत होता.

म्हणजे केरीकर आणि खुरपं यांच्या हिशेबाने खालची पट्टी बसायच्या मशीनला बाद. मधला भाग कोरड्या दिवशी जेमतेम. आणि पिरंगुटला जुलैत कोरडा दिवस कुठून आणायचा?

तरी हौस जात नव्हती. मग वाटेचं बघायचं ठरवलं. तीस इंची मशीनची पूर्ण मापं काढली. बाजूच्या तोंडासकट रुंदी तीन फूट, लांबी साडेपाच. बांबूच्या काठ्यांचा तेवढा सांगाडा सुतळीने बांधला. पुढून मी धरला, मागून हिने, आणि निघालो वाटेने. सरळ भागात छान गेलो. कोपऱ्यावर पाण्याचा पाइप आहे, तिथे वाट साडेतीन फूट नसून तीन फूट चार इंच निघाली. वळायला लागलो तर पुढचं टोक गडग्यात आणि मागचं भिंतीत. मागे घेतलं, तिरकं केलं, पुन्हा अडकलं. ही म्हणाली, "नुसतं ढकलू नका, तोंडाने आवाजपण काढा, म्हणजे कदाचित जाईल." शेजारचे पाटील कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "दादा, कुणाची तिरडी?"

तिथे विषय संपला.

मग रस्त्यालगतच्या एका दुकानदाराला जागेवर मशीन आणून दाखवायला सांगितलं. त्याने आणलं ते मागून चालायचं, २१ इंची, मागच्या चाकांना ओढ असलेलं. पुढच्या चाकांची ओढ नको, कारण चढावर वजन मागे जातं आणि पुढचं चाक नुसतं फिरतं, हे त्यानेच सांगितलं. (नानापेठी, बेल्ट काउंटरवर होता. मी बघून घेतला.) वरचा आणि मधला भाग आडवा कापला. दीड तास लागला, मास्तरांच्या अंदाजापेक्षा थोडा जास्त, कारण मी गवत फार वाढू दिलं होतं. आधी उंच ठेवून एकदा, मग खाली घेऊन पुन्हा, असं करावं लागलं. एका दमात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलं तर हरळी पिवळी पडते म्हणे. गुडघा दुखला, पण चहाचा कप एका हाताने धरला.

ओढ्याकडची पट्टी सोनकीताईंच्या नावाने सोडली आहे. वाळ्याची रोपं मागवली आहेत. दसऱ्यानंतर पाटील विळ्याने कापून बैलांना नेणार आहेत, त्यांनी स्वतःच विचारलं. तिरडीचा विषय त्यांनी नंतर काढला नाही.

गणित_मास्तर

दीड तास म्हणजे अंदाजापेक्षा वीस टक्के जास्त. पहिल्या कापणीला चालेल.

केरीकर

योग्य निर्णय, काका. पुढच्या वेळी मुलाकडे आलात तर केरीला या. माझं तीस इंची शेडमध्ये आहे, पुढचं अंगण सपाट आहे. हवं तेवढं चालवा.

उतारकर

सप्टेंबरात येतोय. तारीख कळवतो. आधी तुमचं गवत कापून ठेवू नका.

सोनकी

तेरडा फुलला की फोटो टाका.

तळेगावकर

वायरी सोडवल्या. पेरूची एक फांदी कापली. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं.

फणस

काका, जुना ब्रश कटर विकणार का?

उतारकर

नाही हो. गडग्याच्या कडेचं आणि आंब्याच्या आळ्यातलं कशाने कापू?

रिकामटेकडा

बरं, तो बांबूचा सांगाडा तरी? साडेपाच बाय तीन. दोन बकऱ्या आरामात बसतील.

उतारकर

मेहुणा तो कालच घेऊन गेला.